सिस्टर रोझलिनची पेटी

सिस्टर रोझलिनचं नाव कोणी काढलं की मी अजूनही "हो, फार चांगल्या होत्या" असंच म्हणते. तोंडातून निघूनच जातं. मग घरी येऊन भांडी आपटते. आमचे हे पेपरातून मान वर काढून विचारतात, "आज मिशनवालं कोण भेटलं होतं?" त्यांना आवाजावरून कळतं.

गावाचं नाव लिहीत नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलाच्या कडेचं, तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथल्या मिशनच्या शाळेत मी अकरा वर्षं मराठी शिकवलं. मी चिमूरकडची, बौद्ध घरातली. नोकरीचा कागद आला तेव्हा बाबा म्हणाले, "फादर-सिस्टरच्या शाळेत तुले कोण विचारते वो?" पहिल्याच महिन्यात मी बाबांना सांगितलं, की इथं एक सिस्टर आहे, ती सगळ्यांना विचारते. जेवलीस का, झोपलीस का, डोळे काऊन सुजले, घरी भांडण झालं का. सगळं.

सिस्टर केरळातल्या. बाविसाव्या वर्षी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळेच्या सुपरवायझर त्याच, मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख त्याच. अंगानं काटकुळ्या, पायात रबरी चप्पल, आणि झग्याच्या खिशात सेफ्टी पिना, मीठसाखरेची पुडी, खडू, रोझरी, कोणाचा तरी पडलेला दात. मराठी त्या स्वयंपाकघरातल्या बायांकडून शिकल्या, त्यामुळे आमच्या भागाची अस्सल झाडीबोली बोलायच्या. फक्त 'ळ' जरा जास्तच वळायचा. माझ्या मराठीला त्या रेडिओची मराठी म्हणत. "तू बोलली का मले वाटते आता बातम्या लागतीन," म्हणायच्या. मी मराठीची शिक्षिका, आणि पोरांशी कसं बोलायचं ते मला एका मल्याळी बाईनं शिकवलं. हे कबूल करायची मला तेव्हा लाज नव्हती. आता वेगळ्या कारणानं घशात अडकतं.

नोकरीला लागून दुसराच महिना असेल. आठवीतल्या एका पोरीला मी पट्टीनं मारलं. तिनं सलग चार दिवस गृहपाठ आणला नव्हता. सिस्टर वर्गाच्या दारात उभ्या होत्या हे मला दिसलं नाही. सुट्टी झाल्यावर मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथं ती पोरगी तांदूळ निवडत बसली होती. तिच्या समोर मला बसवलं, एक सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "दोघी मिळून एवढे निवडा. मग घरी जा."

तासभर आम्ही खडे काढले. मग पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमाले खडे दिसते, मले नाई दिसत." तिला दिसतच नव्हतं. फळ्यावरचंही नाही. तिला चष्म्याचा नंबर होता आणि मी तिला पट्टीनं मारत होते. बाहेर आले तर सिस्टर पायरीवर बसून बटणं शिवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लेकरू चुकते तेव्हा त्याले मारू नको, त्याच्या बाजूले बस. बसलं का सापडते." त्यानंतर मी कोणावर हात उचलला नाही. माझ्या स्वतःच्या पोरावरसुद्धा नाही.

त्यांचं आणखी एक अजब होतं. त्यांना अक्षरं पाठ होती. वसतिगृहात दर रविवारी मुलींनी घरी पत्र लिहायचं, अशी त्यांची जुनी पद्धत. आईबापाला वाचता येत नसलं तरी लिहायचं. गावातलं कोणी तरी वाचून दाखवेल. सगळी पत्रं सिस्टर स्वतः पाकिटात घालायच्या. त्यामुळे अडीचशे पोरींची अक्षरं त्यांना चेहऱ्यासारखी ओळखू यायची. परीक्षेत नाव न लिहिलेली उत्तरपत्रिका सापडली की आम्ही ती हातात घेऊन त्यांच्याकडे धावायचो. त्या चष्मा नाकावर सरकवून दोन ओळी बघायच्या. "ही सावित्री. 'र' ले पाय मोडल्यासारखा काढते." चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही. आम्ही कौतुकानं हसायचो.

आणि हिंमत म्हणाल तर विचारू नका. एकदा गावात कोण्या मोठ्या माणसाचा दौरा होता. आमच्याकडे रीतच आहे, पाहुणा आला की शाळेतल्या माडिया-गोंड पोरींना नटवायचं आणि रेला नाचायला उभं करायचं. दोन दिवस आधी एक गाडी आली. गाडीतला माणूस म्हणाला, "पंचवीस-तीस पोरी पाठवा, बारीक-बारीक, दिसायले चांगल्या पाहून." फादर मुख्याध्यापक हो म्हणायच्याच बेतात होते. सिस्टर आतून आल्या, हात ओलेच होते. "काऊन जी, पोरी काय हार आहेत का? पाहुणा आला का गळ्यात टाकाले?" माणूस हसला. म्हणाला, "सिस्टरबाई, वरून फोन येईल." त्या म्हणाल्या, "येऊ द्या. मले फोनवर बोलता येते." पोरी गेल्या नाहीत. पुढं शाळेच्या रस्त्याचं डांबर तीन वर्षं अडलं. सिस्टर चिखलातून छत्री घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, "पायाले चिखल लागते, पोरीले नाई लागत."

अशा बाईवर विश्वास ठेवू नये तर कोणावर ठेवावा, सांगा.

मग मुलांच्या सुरक्षेचे नवे नियम आले. प्रत्येक शाळेत समिती हवी, तक्रारपेटी हवी. बाकीच्या शाळांनी पत्र्याचा डबा आणून ऑफिसच्या दाराला टांगला. सिस्टरनी लाकूडडेपोतल्या सागाची पेटी करून घेतली आणि ती मुलींच्या नहाणीघराच्या वाटेवर बसवली. "ऑफिससमोर कोण टाकते वो कागद? सगळे पाहून राह्यले तर?" भिंतीवर मुलांच्या मदतीचा फोन नंबर त्यांनीच रंगवून घेतला, हातभर मोठ्या आकड्यांत. आम्हा सगळ्या शिक्षकांना दोन शनिवार बसवून शिकवलं. मूल काही सांगतं तेव्हा मधे बोलायचं नाही. खोटं बोलते का म्हणायचं नाही. आपसात मिटवायचं नाही. आधी पोलीस, मग फादर, मग देव. असंच म्हणाल्या होत्या, याच क्रमानं, आणि फादर समोर बसून खाली मान घालून हसले होते.

समितीची सचिव मला केलं. पेटीची चावी माझ्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, तिघांसमोर पेटी उघडायची आणि रजिस्टरला नोंद करायची. कागद नसेल तर 'निरंक' लिहायचं आणि सह्या करायच्या. सरकारी भाषेत काही नसण्याला असा भारदस्त शब्द आहे. मी तो सुंदर अक्षरात लिहायची.

कुलूप विकत घेतलं की चाव्या दोन मिळतात, हे शेंबड्या पोराला कळतं. मी एम.ए. बी.एड. दुसरी चावी कुठं आहे हे मी कधी विचारलं नाही.

चिन्नी नववीत होती. भामरागडच्याही आतल्या गावची माडिया पोरगी. काळीसावळी, लांब पायांची, कबड्डीत कोणाच्या हाती न लागणारी. आमच्या शाळेला कबड्डीत नाव मिळालं ते नव्या खेळाच्या शिक्षकांमुळे. पोरं त्यांना कोचसर म्हणत. दोन वर्षांत विभागापर्यंत संघ नेला, फादरच्या खोलीत कपाटभर चषक आणले. शाळेचं नाव पेपरात येऊ लागलं. जूनअखेर शाळा उघडली आणि आठवड्याभरात चिन्नी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. आपल्या वेणीचं टोक चावत उभी राहिली.

"मॅडम, गणवेशाचं माप घ्यायले कोचसर एकटीले बोलावते. स्टोअरमधे. दार लावते."

मी विचारलं, "माप घेतल्यावर?" तिनं मान फिरवली. मला शिकवलं होतं, मधे बोलायचं नाही, खोदायचं नाही. मी नियमानं वागले. म्हणाले, "बाळा, हे सगळं कागदावर लिही आणि पेटीत टाक. नाव नको लिहूस. कोणाला कळणार नाही. शुक्रवारी उघडणार आहोत."

त्यावर काय बोलू? लेकरू तोंडानं सांगत होतं आणि मी त्याला लेखी दे म्हटलं. ऑफिसात जन्म गेलेल्या बाबूसारखं. त्याच वेळी तिचा हात धरून ठाण्यावर जायचं होतं. दहा मिनिटांची वाट होती. पण मला वाटलं, रीतसर होऊ दे, सिस्टर आहेत. माझ्या चुकीचं नाव हेच. सिस्टर आहेत.

बुधवारी चिन्नी प्रार्थनेच्या रांगेतून माझ्याकडे बघून मानेनं हो म्हणाली. टाकला कागद.

शुक्रवारी आम्ही तिघं पेटीसमोर. सिस्टर, पालकांतर्फे एक किराणा दुकानदार, आणि मी. मी कुलूप काढलं. झाकण वर केलं. आत जांभळाची एक बी आणि धूळ. मी हात घालून कोपरे चाचपले. दुकानदार म्हणाला, "काही नाई ना? चला, मले दुकान उघडाचं आहे." सिस्टर म्हणाल्या, "देवाची कृपा. लिही, मित्रा." माझं नाव संघमित्रा, त्या मित्रा म्हणत.

मी 'निरंक' लिहिलं. का लिहिलं? अहो, मला वाटलं मान हलवली तरी पोरीनं भीतीनं टाकलाच नसेल, तिला पुन्हा विचारू. सिस्टरचा संशय माझ्या डोक्यात शिरलाच नाही. देव्हाऱ्यातल्या दिव्यानं घर पेटेल असं कोणाला वाटतं?

सोमवारी चिन्नी वर्गात नव्हती. वसतिगृहाच्या रजिस्टरला होतं, 'सिकलसेल, अशक्तपणा, विश्रांतीसाठी घरी.' आमच्या भागात या आजाराची कार्डं घरोघरी आहेत, आणि चिन्नीचं कार्ड मी पाहिलेलं होतं. ती नुसती वाहक. वाहकाला विश्रांती लागत नाही. चढाईत अख्खा संघ लोळवणारी पोरगी अशक्त कशी होईल? आणि जुलैत भामरागडकडे पाठवली. पर्लकोटा नदीला पूर आला की तो रस्ता आठ-आठ दिवस बंद. तिकडे गेलेल्या माणसाला कोणी काही विचारायला जाऊ शकत नाही.

मी सिस्टरच्या खोलीत गेले. त्या उशांच्या अभ्र्यांचा ढीग मोजत होत्या.

"सिस्टर, चिन्नीनं पेटीत कागद टाकला होता."

त्या मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत आहे. अक्षर पाह्यलं का ओळखलं मीनं."

मी खाली बसले.

"गुरुवारी काढला," त्या म्हणाल्या. "फादरले दाखवला. कोचसरले बोलावलं, लय सुनावलं. रडला तो. संस्थेच्या दुसऱ्या शाळेत पाठवून राह्यलो त्याले, या महिन्यातच. इथी तो राहणार नाई. झालं न?"

"तिथी पोरी नाई का, सिस्टर?"

माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मित्रा, पोलीस आले तर पेपरात येते. पेपरात आलं का आईबाप पोरी घेऊन जातीन. अडीचशे पोरी. वर्षाच्या आत अर्ध्यांची लग्नं लागतीन. तीस वर्षं मीनं त्याईले घरून ओढून-ओढून आणलं. एका माणसासाठी सगळं मोडू?"

"मग चिन्नीला का पाठवलं?"

"तिले पाहून बाकीच्या बोलल्या असत्या," त्या म्हणाल्या. आणि मग फार हळू, "दोन महिने दे मले. पाऊस जाऊ दे. मी स्वतः जाऊन आणतो तिले."

मी 'बरं' म्हणाले. हे लिहिताना माझा मला राग येतो, पण म्हणाले. बारा दिवस मी गप्प राहिले. त्या मोठ्या, त्यांना कळत असेल, असं रोज स्वतःला समजावत होते. तेराव्या दिवशी नहाणीघराच्या वाटेवर सहावीतल्या दोन पोरी पेटीच्या फटीत जांभळाच्या बिया टाकत होत्या. मी रागावले. एक म्हणाली, "मॅडम, तिच्यात काई टाकलं तरी चालते. मोठ्या ताई म्हणते, टाकलं तर घरी पाठवते." पोरींना कळलं होतं. सगळ्यांना. सिस्टरनी ज्या तोंडांवरचे हात काढायला वर्षानुवर्षं घालवली, ती तोंडं त्यांनी एका आठवड्यात बंद केली होती.

तिथंच भिंतीवर तो हातभर मोठा नंबर होता. मी तो बघून फोन लावला.

पुढचं थोडक्यात सांगते. पोलीस आले, पूर ओसरायची वाट बघून-बघून भामरागडला माणसं गेली, चिन्नीचा जबाब झाला. आणखी दोघी बोलल्या. कोचसरवर गुन्हा दाखल झाला, खटला अजून चालू आहे. चिन्नी आता दुसऱ्या गावच्या सरकारी वसतिगृहात राहून शिकते आहे. शाळा बंद पडली नाही. चाळीसेक पोरी गेल्या, त्यातल्या तीस परत आल्या. सिस्टरचा हिशेबही चुकला होता, म्हणजे बघा.

राहिला पेटीतला कागद. तो दाबला कोणी, हा वेगळा प्रश्न होता. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आम्हा दोघींना बोलावलं. मी सगळं सांगितलं. समितीच्या बाईंनी सिस्टरना विचारलं, "असा कागद तुम्हाला मिळाला होता का?"

मला वाटत होतं, त्या खरं बोलतील. शेवटपर्यंत वाटत होतं. क्रॉस गळ्यात आहे, देवाला मानतात, आणि मला माहीत आहे त्यांचं मन. त्या म्हणाल्या, "नाही." शुद्ध मराठीत. "पेटी शाळेच्या समितीसमोर उघडली. रजिस्टर पाहावं."

रजिस्टर टेबलावरच होतं. माझं सुंदर अक्षर. माझी सही. बाईंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मॅडम, निरंक तर तुम्हीच लिहिलंय." मी बोलायला गेले तर मला रडूच आलं, आणि रडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

बाहेर व्हरांड्यात बाकावर चिन्नी वडिलांसोबत बसली होती. तिचा नंबर आमच्यानंतर होता. मला वाटलं, ती माझ्याकडे येईल. ती उठली आणि सरळ सिस्टरकडे गेली. त्यांच्या कमरेला मिठी मारली, झग्यात तोंड खुपसलं. लहानपणापासून या एकट्या सिस्टरच तिच्या. पाचवीत आली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता, तेव्हा तिला कुशीत घेऊन झोपवलं होतं त्यांनी.

मग मान वर करून तिनं विचारलं, "सिस्टर, माजा कागद तुमाले भेटलाच नाई ना?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाई वो माय," त्या म्हणाल्या. "भेटला असता तर मी तुले जाऊ दिलं असतं का?"

आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. हळू, मायेनं, खरोखरच्या मायेनं. तेच मला सहन होत नाही. ती माया खोटी नव्हती.

चिन्नीनं त्यांच्या कुशीतून मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पेटीची चावी माझ्याकडे असायची, हे शाळेतल्या प्रत्येक पोरीला माहीत होतं. मी म्हणाले, "चिन्नी, ऐक." तेवढ्यात आतून शिपायानं तिचं नाव पुकारलं. वडील उठले. ती त्यांचा हात धरून आत गेली आणि जाताना तिनं ओढणीचा माझ्या बाजूचा पदर आवरून घेतला, वाटेत काही घाण असावी तसा.

सिस्टर तिथंच उभ्या होत्या, दाराकडे बघत, ओठ हलत होते. प्रार्थना करत होत्या. पोरगी धीरानं बोलू दे म्हणून.